लाइफ कोच की थेरपिस्ट? बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी समुपदेशक म्हणून काम करते. फोनवर, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुतानासुद्धा लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. जिथे कुणाची हकीकत आली आहे, तिथे माणूस ओळखू येणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

जिवाचं बरंवाईट करावं असं आत्ता या क्षणी वाटत असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. त्याविषयी खाली सविस्तर आहेच, पण ते नंतर वाचलं तरी चालेल.

कोच आणि थेरपिस्ट, दोघंही नुसतं बोलूनच फी घेतात. मग फरक तो काय?

कोच हे धरून चालतो की समोरचा माणूस धडधाकट आहे. त्याला ठरवायला मदत हवी आहे, शिस्त हवी आहे, आणि दर आठवड्याला 'काय झालं त्याचं?' असं विचारणारं कुणीतरी हवं आहे. थेरपिस्ट असं काही धरून चालत नाही. तो आधी झोप विचारतो, भूक विचारतो, हे कधीपासून सुरू झालं, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारतो. या उत्तरांतून काय ओळखायचं याचं त्याला शिक्षण मिळालेलं असतं. कोचला ते नसतं, आणि चांगला कोच त्या वाटेला जातही नाही.

'थेरपी मागचं उकरते, कोचिंग पुढचं बघतं' असं एक वाक्य सगळीकडे फिरतं. त्यावर विसंबू नका. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी) आज जगभर वापरली जाते. तिच्यात बहुतेक वेळ याच आठवड्यात काय घडलं, तेव्हा मनात काय आलं आणि पुढच्या वेळी वेगळं काय करून बघायचं, यावर जातो. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ विचारांवर भर देणारी तशीच पद्धत, तर कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला ओळखीची आहे. दोन्हींत गृहपाठ असतो, वही असते. बालपण उकरत बसतील या भीतीने कुणी थेरपी टाळत असेल, तर ती भीती बहुतेक वेळा फुकाची ठरते.

माझं घोडं नक्की कुठे पेंड खातंय, हे मी कसं ओळखू?

दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघंही मराठी माध्यमातून शिकलेली, दोघांनाही सरकारी नोकरी हवी, आणि दोघंही कन्नडच्या पेपरला अडकलेली. आपल्याकडे हे घरोघरी आहे.

पहिला वैतागलेला आहे. राज्य कुठलं असायला हवं होतं यावर तासभर भांडेल, शिव्या देईल, पण रात्री जेवून नीट झोपतो. सकाळी क्रिकेटला जातो. कन्नडची शिकवणी लावू, गोव्यात खाजगी नोकरी बघू की पुण्याला जाऊ, हे त्याचं ठरत नाही. अशाला कोचचा उपयोग होईल. जाणता मामा किंवा चांगला शिक्षक असेल तर त्यांचाही होईल.

दुसऱ्याच्या टेबलावर तेच पुस्तक तीन महिने त्याच पानावर उघडं आहे. पहाटे तीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडून राहतो. मित्र हाक मारायला आले तर 'झोपलाय म्हणून सांग' असं आईला सांगतो. जेवणाची चव गेलेली. 'माझ्यामुळे घरच्यांचे हाल' हे वाक्य दिवसातून दहा वेळा डोक्यात येतं. या मुलाला वेळापत्रक करून दिलं तर ते पाळता येणार नाही, आणि न पाळल्याचा आणखी एक दोष तो स्वतःच्या माथी मारून घेईल. त्याला आधी तपासणी हवी आहे.

बाहेरून बघणाऱ्याला दोघांची तक्रार एकच दिसते, 'अभ्यास होईना.' म्हणून तक्रारीवरून ठरवू नका, दिवसावरून ठरवा. उदास वाटणं किंवा कशातच गोडी न वाटणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, अंगातली ताकद, एकाग्रता यांची घडी विस्कटणं, हे जवळजवळ रोज असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टर त्याकडे नैराश्याची शक्यता म्हणून बघतात. दोन आठवडे ही काही मनाला येईल तशी काढलेली मुदत नाही. निदानाच्या निकषांतच ती आहे.

तरीही कळत नसेल तर माझं सरळ मत असं की आधी थेरपिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा तपासून घ्या. 'तुम्हाला आजार नाही' असं निघालं तर एका भेटीचे पैसे गेले, बाकी काही नाही. कोच कुठे पळून जात नाही. उलट्या क्रमाने गेलात आणि आजार असला, तर सहा-सहा महिने हातचे जातात. आपल्या भागात हा क्रम बहुतेक वेळा उलटाच असतो. कोचकडे जाताना कुणी नाव ठेवत नाही ना, म्हणून.

छातीत धडधडतं, हात थरथरतात, आता मरतो असं वाटतं. पण ईसीजी नॉर्मल. हे कोणाचं काम?

ईसीजी काढलात हे उत्तम केलंत. आधी शरीर तपासायचंच. थायरॉईड, रक्ताचं प्रमाण, बी-१२ यांची गडबड असली तरी धडधड, थकवा, चिडचिड होते. तेव्हा रक्ततपासणी झाली नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून ती करून घ्या.

निपाणीकडच्या एक विडी कामगार बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत ईसीजीच्या तीन पट्ट्या होत्या, गुंडाळून रबर लावलेल्या. तिन्ही नॉर्मल. पहिला झटका बाजारात आला, मग त्यांनी बाजार सोडला. दुसरा एस.टी.त आला, मग एस.टी. सोडली. माझ्याकडे आल्या तेव्हा घराच्या उंबऱ्याबाहेर जायचं तर मुलगी सोबत लागायची. पट्टीवर काही दिसेना म्हणून घरचे म्हणत, 'नाटकं करते.' नाटक नव्हतंच ते. भीतीचा झटका दहाएक मिनिटांत शिगेला जातो आणि मग आपोआप उतरतो. त्याने हृदय बंद पडत नाही, पण त्या दहा मिनिटांत हे कुणाला पटत नाही. झटक्यापेक्षा जास्त नुकसान करतं ते झटक्याच्या भीतीने एकेक जागा सोडत जाणं. सीबीटी इथे चांगली लागू पडते. सोडलेल्या जागा छोट्या पायऱ्यांनी परत घ्यायच्या असतात. बाईंची पहिली पायरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटीने जाऊन काडेपेटी आणणं, ही होती.

हे थेरपिस्टचं काम आहे. 'भीतीला सामोरे जा' असं स्टेजवरून ओरडणाऱ्याचं नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक. पाट्या वाचून डोकं फिरतं. कोण कोण आहे?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातला. त्याची आजवरची रूढ वाट म्हणजे एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल., आणि भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयकडे नोंदणी. तो चाचण्या घेतो, थेरपी करतो, गोळ्या लिहीत नाही. समुपदेशकाचं शिक्षण एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पदविका असं वेगवेगळं असू शकतं, म्हणून समुपदेशकाला विचारायलाच हवं. मलाही विचारा, राग येत नाही.

नोंदणी क्रमांक मागणं म्हणजे उद्धटपणा असं आपल्याकडे वाटतं. सोनाराला हॉलमार्क विचारताना आपण लाजतो का?

आणि कोच? त्याला काही परवाना लागतो का?

आपल्या देशात लाइफ कोच म्हणून पाटी लावायला कुठलाही कायदेशीर परवाना लागत नाही. उद्या सकाळी कुणीही लावू शकतो. काही लावतातही.

म्हणून सगळे कोच भोंदू, असं मात्र नाही. १९९५ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. पहिलीला प्रत्यक्ष कोचिंगचे किमान १०० तास लागतात, दुसरीला ५००, तिसरीला २५००. शिवाय गरज दिसली तर माणसाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावं, असं त्यांच्या नियमांत आहे. तेव्हा कोचला दोन गोष्टी विचारा. तुमचं प्रशिक्षण कुठलं आणि किती तासांचं? आणि तुम्ही आजवर कुणाला थेरपिस्टकडे पाठवलंय का? दुसऱ्या प्रश्नावर 'तशी वेळच आली नाही' असं छाती फुगवून उत्तर आलं, तर मी तिथून उठेन.

२०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रातले मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक धरले आहेत. लाइफ कोच हा शब्द त्यात नाही.

बेळगावात मराठीत बोलणारं कुणी मिळेल का, की कोल्हापूर गाठावं लागेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारा जरा चाचरत विचारतो, जणू काही राजकारण काढतोय. काही राजकारण नाही. बाजारात आपण कन्नड बोलतो, बँकेत हिंदी बोलतो, पण सासूने दहा वर्षांपूर्वी काय म्हटलं ते सांगायचं तर मराठीच तोंडात येतं. थेरपीचा सगळा कारभारच अशा वाक्यांवर चालतो.

बेळगाव शहरात अडचण कमी आहे. इथल्या बऱ्याच डॉक्टरांना मराठी समजतं, कित्येकांना अस्खलित बोलता येतं. भेट ठरवतानाच फोनवर विचारून घ्या, 'डॉक्टर मराठीत बोलतील ना?' बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात आणि केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. मोठी तपासणी किंवा भरती लागली तर धारवाडचं डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, बेळगावपासून ऐंशी किलोमीटरच्या आत. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, अथणीकरांना मिरज-सांगली जवळ. त्यांनी खुशाल तिकडे जावं. चिठ्ठी कुठल्या राज्यातली आहे, याने औषधात फरक पडत नाही.

फक्त एक करू नका. दुभाषा म्हणून घरचा माणूस आत नेऊ नका. एकदा एका रुग्णालयात मी हे बघितलंय. डॉक्टर कन्नड, बाई खानापूरकडची, मध्ये दीर. बाई दोनेक मिनिटं बोलली, बोलता बोलता पदर तोंडाला लावला. दीर डॉक्टरांना म्हणाला, 'झोप येत नाही म्हणते.' एवढंच. झोपेची गोळी लिहून मिळाली. तिने जे सांगितलं त्यात दिराचंही नाव होतं, ते कुणाच्या कागदावर उतरणार? काउंटरवर कन्नड फॉर्म भरायला हवं तर कुणाला घेऊन जा, पण आत एकट्याने बसा. भाषेची अडचण असेल तर नर्स किंवा रुग्णालयातल्याच समाजसेवकाला बोलवायला सांगा.

व्हिडिओवरून मराठी थेरपिस्ट मिळणं आता सोपं झालंय, पुण्या-ठाण्याचे कितीतरी जण घेतात. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे मराठी व्हिडिओ बघून बरेच जण पहिल्यांदा या विषयाकडे वळले, हे मी जवळून पाहिलंय. अडचण एकच, घरात एकांत कुठला? दोन खोल्यांत सहा माणसं. माझ्या ओळखीचा एक मुलगा मित्राच्या बंद गाडीत बसून सत्रं घेतो. चालतं तसंही.

तालुक्याच्या गावी सरकारी सोय आहे का?

आहे, पण माहीत फार थोड्यांना आहे. १९९६ ला सुरू होऊन पुढे देशभर पसरलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मुळात आपल्याच राज्यात, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगावरून उभा राहिला. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत मनोचैतन्य या नावाने मंगळवारी मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा ठेवलेली आहे. डॉक्टर त्या मंगळवारी खरंच येणार आहेत का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

गावात कळलं तर? घरात लग्नाची मुलगी आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपली गावं लहान, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी भेटतंच. पण निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक विकार होता. म्हणजे तुमच्या सोयरिकीच्या घरातही कुणीतरी असणारच, फक्त तेही सांगत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमची माहिती मामा-काकांना देऊ शकत नाही. जिवाला धोका असणं यांसारखे कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडून. कोचला हा कायदा लागू नाही. तो जे पाळेल ते त्याच्या शब्दावर किंवा करारावर. आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या समुपदेशकाचं नावही त्या कायद्यातल्या व्याख्येत सरळ येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत 'माझं बोलणं कुठे जाईल?' हे विचारा आणि उत्तर नीट ऐका. तुमचा अनुभव व्हिडिओ करून ग्रुपवर टाका, असं कुणी सांगत असेल तर प्रश्न विचारायचीही गरज नाही.

हॉटेलातल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला जाऊन आलो. इतकं छान वाटलं! तेवढं पुरे ना?

छान वाटतंच. मोठा हॉल, मोठा आवाज, शंभर माणसं एकदम टाळ्या वाजवतात, शेजारचा अनोळखी माणूस मिठी मारतो. आपल्याला एरवी कोण मिठी मारतं? पण बुधवार-गुरुवारपर्यंत ते ओसरतं. मग प्रगत कोर्सचा फोन येतो, तिप्पट फीचा. पहिल्याचा असर का ओसरला, तर तुमची 'कमिटमेंट' कमी पडली.

दोन प्रकारच्या माणसांना अशा ठिकाणी मी जाऊच नका म्हणते. एक, ज्यांच्यावर पूर्वी अत्याचार किंवा मोठा आघात झालाय. सगळ्यांसमोर डोळे मिटून ते आठवायला लावणं आणि मग चहाच्या सुट्टीत सोडून देणं, हे धोक्याचं आहे. दुसरा प्रकार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक तरुण व्यावसायिक होता. पहाटे चारला उठणाऱ्यांच्या ग्रुपमधला सगळ्यांत चमकता तारा. तीन तास झोपून ताजातवाना, रोज नवी कल्पना, बोलणं थांबता थांबेना, आठवड्यात दोन फ्रँचायजींची आगाऊ रक्कम भरून मोकळा. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. तो उन्मादाच्या अवस्थेत होता, म्हणजे बायपोलर आजाराचा वरचा टप्पा, आणि कोचला तो आदर्श विद्यार्थी वाटत होता. वडिलांना मात्र शंका आली, कारण त्यांच्या भावाचं तरुणपणी असंच झालं होतं. झोप अचानक कमी झाली, तरी थकवा नाही आणि पैसा पाण्यासारखा चाललाय, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्याच आठवड्यात.

मग कोचचा उपयोग कधीच नाही का?

आहे की. उद्यमबागेत वडिलांची फाउंड्री हाती घेणारा मुलगा, ज्याला जुन्या कामगारांशी कसं बोलावं कळत नाही. मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेला सुभेदार. पुढे सिक्युरिटीचीच नोकरी का, दुसरं काही का नाही, असा ज्याला प्रश्न. मुलं मोठी झाल्यावर शहापुरात बुटीक काढू पाहणारी बाई. झोप-भूक शाबूत आहे, इच्छा आहे, गाडं निर्णयावर अडलंय. अशा ठिकाणी चांगला कोच वर्षाचं काम तीन महिन्यांत करून घेतो. जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली चौकट साधी आहे: काय हवंय, आत्ता कुठे आहे, वाटा कुठल्या, आणि त्यातली कुठली कधी धरणार. उत्तरं तुमच्याकडूनच काढून घेतली जातात. जो कोच तासभर स्वतःच बोलतो, तो कोच नाही, वक्ता आहे.

थेरपी सुरू असतानाही कोच चालतो, पण दोघांना एकमेकांची कल्पना द्या. आणि थेरपिस्टने 'थोडं थांबा' म्हटलं तर थांबा.

गोळ्यांची सवय लागते म्हणतात. म्हणून कोच बरा वाटतो.

नैराश्यावरच्या आजच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा होत नाही की चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि लोक नेमके दहाव्या दिवशी सोडतात. मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते. ती सवय नव्हे, पण त्रास होतो खरा. म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं त्याच आणणारे लोक मला माहीत आहेत. अशांना गोळी देणारा डॉक्टर नडला नाही, त्याच्याकडे परत न जाणं नडलं.

सौम्य त्रासात नुसत्या थेरपीनेही भागतं. सीबीटीला साधारण १२ ते २० भेटी धरा. तीव्र त्रासात दोन्ही लागतात. आणि 'आधी गोळ्या सोडा, मग माझा कोर्स करा' म्हणणाऱ्या कोचला दारातूनच नमस्कार.

घरचे म्हणतात बाहेरचं आहे, देवऋष्याकडे नेऊ.

यावर भांडत बसू नका, पेशंट बाजूला राहतो. सौंदत्तीच्या डोंगरावर जायचं असेल तर जा, नवस फेडा, अंगारा लावा. फक्त गोळी चुकवू नका आणि तारीख चुकवू नका. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, साखळी घालणं यातलं काही सुरू झालं तर तो गुन्हा आहे. कर्नाटकाचा २०१७ चा अमानुष प्रथा आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

नवरा पितो. त्याच्यासाठी चांगला कोच सांगा.

कोच नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. त्यानंतर व्यसनमुक्ती केंद्र. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम मराठीत करतंय, आणि पत्नींसाठीही तिथे वेगळं काम चालतं. तो तयार नसेल तरी तुम्ही स्वतःसाठी समुपदेशकाकडे या. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.

मुलगा पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. त्याला मोटिव्हेशन कोच लावू का?

आधी त्याला विचारा, की सायन्स कुणी निवडलं.

मरावंसं वाटतं, पण कुणाला सांगू?

१४४१६. टेली मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. समुपदेशक बोलतो, गरज पडली तर वरच्या तज्ज्ञाकडे जोडून देतो. लाइन लगेच लागली नाही तर पुन्हा लावा.

विष घेतलं असेल, इजा करून घेतली असेल, तर फोनवर वेळ घालवू नका. ११२ लावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलीस केसच्या भीतीने घरीच उलट्या काढायचे प्रयोग होतात आणि माणूस हातचा जातो. २०१७ च्या त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. शेतकरी घरांत याने जीव वाचतात.

अशा माणसाला विचारल्याने त्याच्या डोक्यात कल्पना शिरते, हा गैरसमज आहे. 'तुला मरावंसं वाटतंय का?' असं नीट, शांतपणे विचारा. बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. अशा वेळी कोच, वर्कशॉप, प्रेरणादायी व्हिडिओ यांतलं काहीच पुढे करू नका.

खर्चाचं काय? विमा मिळतो का?

सरकारी रुग्णालयात नाममात्र. खाजगीत डॉक्टरागणिक फरक, तेव्हा एका भेटीची फी आणि भेट किती मिनिटांची हे आधी विचारा. थेरपीची बैठक साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे थेरपीच्या भेटी खिशातूनच. माजी सैनिकांनी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत चौकशी करावी. कोचिंगला कुठलाच आरोग्य विमा नाही.

परवडत नसेल तर आठवड्याऐवजी पंधरवड्याने भेटू का, असं थेरपिस्टला मोकळेपणाने विचारा. ते बरेचदा चालतं.

पहिल्या भेटीत काय सांगायचं? मला बोलायलाच येत नाही.

चिठ्ठी लिहून न्या. झोप किती, जेवण कसं, कधीपासून, सध्या कुठल्या गोळ्या चालू, आणि सगळ्यांत जास्त त्रास कशाचा. एवढ्यावर तासाभराचं बोलणं निघतं. रडू आलं तर आलं, तिथे टिश्यूचा डबा असतोच. तीन-चार भेटींनंतरही या माणसाशी जुळत नाही असं वाटलं तर दुसरा बघा, आणि पहिल्याला तसं सांगा. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही, तो बहुधा स्वतःच दुसरं नाव सुचवतो.

कोचला वर्षाची फी आगाऊ भरून बसलोय. आता थेरपिस्टकडे जायचंय. पैसे परत मिळतील का?

करार किंवा पावती असेल तर ती काढा आणि परताव्याचं काय लिहिलंय बघा. मग लेखी मागा, ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर, फोनवर नको. 'माझ्या तब्येतीमुळे उरलेली सत्रं घेता येत नाहीत, उरलेली रक्कम परत करावी' इतकंच. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. बरेच जण उरलेल्या सत्रांचे पैसे देतात. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. 'निकालाची शंभर टक्के हमी' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. तक्रार गेल्यावर तेच वाक्य पहिल्यांदा गायब होतं.